फ्रीटाइप या मुक्तस्रोत अक्षररेखन लायब्ररीची बांधणी आणि देवनागरीचे पडद्यावरील रूप : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

संगणकाच्या पडद्यावर मराठी मजकूर दिसतो तेव्हा त्यामागे फॉन्ट, अक्षरजुळणी आणि अक्षररेखन अशा तीन स्वतंत्र यंत्रणा कार्यरत असतात. त्यांपैकी अक्षररेखनाचे काम करणारी ‘फ्रीटाइप’ ही मुक्तस्रोत लायब्ररी १९९६ पासून विकसित होत आली आहे. या लायब्ररीची बांधणी करताना कोणते घटक चालू ठेवावयाचे व कोणते बंद, हे ठरविणाऱ्या फाइली तिच्यासोबतच दिलेल्या असतात. या फाइलींतील मूलनिर्धारित निवडींमागे तांत्रिक कारणांबरोबर पेटंट कायदा, व्यापारी स्पर्धा आणि भाषिक अग्रक्रम यांचाही इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा देवनागरीच्या आणि विशेषतः पुणे–हिंजवडी परिसराच्या संदर्भात मागोवा घेतला आहे.

बीजशब्द : फ्रीटाइप, देवनागरी, हिंटिंग, मुक्तस्रोत, पेटंट, बांधणी-संरचना, हिंजवडी.

प्रस्तावना

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी खिळे, ओतशाळा, शिळाप्रेस आणि मुद्रक यांचा पुष्कळ विचार केला आहे. गणपत कृष्णाजींचा शिळाप्रेस, जावजी दादाजींचे निर्णयसागर, पुढे मोनोटाइप व लायनोटाइप यंत्रांसाठी देवनागरीत करावी लागलेली काटछाट हे टप्पे आता अभ्यासक्रमांतही आले आहेत. या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न समान होता. यंत्राच्या मर्यादेसाठी लिपीने किती वाकावयाचे आणि लिपीसाठी यंत्राने किती बदलावयाचे?

संगणकयुगात हा प्रश्न संपला, असा समज रूढ आहे. युनिकोड आले, कळफलक प्रमाणित झाला, आता मराठी कोठेही लिहिता-वाचता येते, असे म्हटले जाते. परंतु युनिकोड हे केवळ अक्षरांना क्रमांक देते. त्या क्रमांकाचे डोळ्यांना दिसणारे अक्षर कसे व्हावे, हा निर्णय अन्यत्र घेतला जातो. तो घेणाऱ्या आज्ञावलींच्या बांधणीत जे पर्याय असतात, त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे.

हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान हे या विषयाला साजेसे पार्श्वस्थान आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण व लगतच्या गावांच्या जमिनीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे उद्यान टप्प्याटप्प्याने उभारले. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट, पर्सिस्टंट, केपीआयटी आदी कंपन्यांची संकुले येथे आहेत. शेजारीच पिंपरी-चिंचवड व चाकणचा वाहननिर्मितीचा पट्टा आहे. ज्या भूमीची भाषा मराठी आहे, तेथेच जगाचे सॉफ्टवेअर लिहिले जाते आणि आता त्या भूमीवर तयार होणाऱ्या वाहनांच्या दर्शनी फलकांवरही अक्षरे उमटतात. तरीही त्या पडद्यांवरील मराठी अक्षराचे रूप ठरविणाऱ्या निवडी दीर्घकाळ येथे झाल्या नाहीत, ही विसंगती प्रस्तुत अभ्यासाच्या मुळाशी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. फ्रीटाइप लायब्ररीच्या बांधणी-संरचनेचे स्वरूप मराठी वाचकांसाठी स्पष्ट करणे.
२. तिच्यातील प्रमुख पर्यायांच्या मूलनिर्धारित निवडींचा ऐतिहासिक क्रम मांडणे.
३. या निवडींचा देवनागरीच्या वाचनीयतेशी असलेला संबंध तपासणे.
४. पुण्यातील संस्था व उद्योग यांचे या प्रक्रियेतील स्थान निश्चित करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांची मूळ आज्ञावली, तिच्यातील टिपा आणि आवृत्तीनिहाय बदलांच्या नोंदी सार्वजनिक असतात. दप्तरखान्यातील रुमालांप्रमाणे त्यांचे वाचन करता येते, ही भूमिका येथे स्वीकारली आहे.

१. अक्षर पडद्यावर कसे येते

आजच्या फॉन्टमध्ये अक्षराचे चित्र नसते, तर त्याची बाह्यरेषा गणिती वक्रांच्या स्वरूपात साठविलेली असते. पडदा मात्र पिक्सेल नावाच्या चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. बाह्यरेषेचे ठिपक्यांत रूपांतर करणे म्हणजे अक्षररेखन होय. फ्रीटाइप हे काम करते. कोणते अक्षर कोणत्या अक्षराला जोडून कोणते जोडाक्षर होईल, वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे जाईल की पलीकडे, हे ठरविणे तिच्या कक्षेत येत नाही. ते काम अक्षरजुळणी करणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचे असते.

मोठ्या आकारात हे रूपांतर सोपे असते. अडचण लहान आकारात येते. २००० च्या दशकातील सामान्य पडद्यावर एका इंचात सुमारे ९६ ठिपके असत आणि मजकुराच्या अक्षराला उंचीने बारा-चौदा ठिपके मिळत. रोमन लिपीला ते पुरतात. देवनागरीत मात्र तेवढ्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार किंवा ऋकार आणि मध्ये अक्षराचा मुख्य देह असे सारे मावावे लागते. देहाच्या वाट्याला उपलब्ध उंचीचा जेमतेम अर्धा भाग येतो. ‘के’ आणि ‘कै’ यांतील भेद एका तिरक्या रेषेचा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, हा मराठीतील सुपरिचित भेद एका रफारावर आणि एका बारीक वळणावर अवलंबून असतो. एखादी रेषा दोन ठिपक्यांच्या सीमेवर पडली की ती पुसट होते किंवा दुप्पट जाड होते आणि अर्थाचा भेदच धूसर होतो.

हे टाळण्यासाठी बाह्यरेषा किंचित सरकवून ठिपक्यांच्या जाळीवर बसविण्याच्या क्रियेला हिंटिंग म्हणतात. ते दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात फॉन्ट तयार करणारा प्रत्येक अक्षरासाठी सूचना लिहून त्या फॉन्टमध्येच समाविष्ट करतो आणि अक्षररेखन करणारी लायब्ररी त्या सूचना वाचून अमलात आणते. या सूचनांना बाइटकोड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात लायब्ररी स्वतःच अक्षराचा आकार पाहून रेषा कोठे आहेत याचा अंदाज बांधते. यास स्वयंहिंटिंग म्हणतात. फ्रीटाइपचा आणि देवनागरीचा संबंध या दोन मार्गांच्या इतिहासातून घडला आहे.

२. बांधणी-संरचना : स्वरूप व पद्धती

फ्रीटाइपचा आरंभ डेव्हिड टर्नर यांनी १९९६ मध्ये केला. पुढे रॉबर्ट विल्हेल्म व वर्नर लेम्बर्ग हे त्यात सहभागी झाले. २००० च्या अखेरीस दुसऱ्या पिढीची, संपूर्णपणे नव्याने रचलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या पिढीचे वैशिष्ट्य म्हणजे तिची घटकबद्ध रचना. ट्रूटाइप, टाइप-१, सीएफएफ, बीडीएफ अशा प्रत्येक फॉन्टप्रकारासाठी स्वतंत्र घटक, स्वयंहिंटिंगसाठी वेगळा घटक आणि ठिपके रंगविण्यासाठी आणखी वेगळे घटक, अशी ती विभागणी आहे.

बांधणी करणाऱ्याला यांतील निवड करता यावी म्हणून तीन शीर्ष-फाइली दिलेल्या आहेत. ‘एफटीकॉन्फिग’ ही फाइल यंत्र व कंपायलर यांच्याशी निगडित बाबी ठरविते. ‘एफटीमोड्यूल’ मध्ये समाविष्ट घटकांची यादी असते. ‘एफटीऑप्शन’ ही तिसरी फाइल सर्वांत महत्त्वाची होय. तिच्यात प्रत्येक सोयीसाठी एकेक व्याख्या असून प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे प्रयोजन सांगणारी सविस्तर टीप आहे. व्याख्या टिपेच्या खुणांत बंद केली की ती सोय बांधणीतून वगळली जाते आणि खुणा काढल्या की समाविष्ट होते. ग्नू मेकने बांधणी करणाऱ्यांसाठी घटकांची यादी ‘मोड्यूल्स’ नावाच्या वेगळ्या संरचना-फाइलीतून नियंत्रित करता येते. पुढील काळात सीमेक व मेसन या बांधणी-साधनांचीही सोय झाली.

लायब्ररीसोबतच्या ‘कस्टमाइझ’ या दस्तऐवजात आणखी एक मार्ग सांगितला आहे. मूळ फाइलींना हात न लावता स्वतःच्या फाइली वेगळ्या निर्देशिकेत ठेवाव्यात आणि कंपायलरला ती निर्देशिका आधी शोधण्यास सांगावे, किंवा स्वतःच्या फाइलीचे नाव आज्ञेतून द्यावे. त्यामुळे मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती आली तरी स्थानिक निवडी अबाधित राहतात. मूळ ग्रंथ न खोडता समासात टीप लिहिण्याच्या परंपरेशी या पद्धतीचे साम्य आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्र विकत घेतल्यावर कामाच्या स्वरूपानुसार त्याचे ‘सेटिंग’ करणारा कुशल कामगार वेगळा असतो. यंत्र तेच असले तरी सेटिंगवर उत्पादनाचा दर्जा ठरतो. बांधणी-संरचनेचे स्थान नेमके तसे आहे. लहान स्मृती असलेल्या उपकरणासाठी अनावश्यक फॉन्टप्रकार वगळून लायब्ररी आटोपशीर करता येते, तर सर्वसाधारण संगणकासाठी ती परिपूर्ण ठेवता येते. मात्र बहुसंख्य लोक सेटिंग करीत नाहीत. जे मूळचे असते तेच ते वापरतात. म्हणून मूलनिर्धारित निवड ही तटस्थ बाब नसून तीच बहुसंख्यांचे वास्तव ठरते.

३. बाइटकोडचा पर्याय आणि पेटंटचा अडसर (१९९९–२०१०)

ट्रूटाइप हा फॉन्टप्रकार अ‍ॅपल कंपनीने विकसित करून १९९१ मध्ये आपल्या प्रणालीत आणला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ मध्ये त्याचा समावेश झाला. बाइटकोडच्या अंमलबजावणीशी संबंधित काही क्लृप्त्यांसाठी अ‍ॅपलने १९८९ मध्ये अमेरिकेत पेटंट अर्ज केले होते आणि १९९२ पासून ती पेटंटे मंजूर झाली. फ्रीटाइपच्या विकसकांना १९९९ च्या सुमारास याची जाणीव झाली. तोपर्यंत बाइटकोड वाचणारा घटक त्यांनी स्वतंत्रपणे लिहून पूर्ण केला होता.

या पेचातून काढलेला मार्ग उल्लेखनीय आहे. तो घटक काढून टाकण्यात आला नाही. तो आज्ञावलीत राहिला, परंतु एफटीऑप्शन फाइलीतील त्याची व्याख्या टिपेच्या खुणांत बंद करण्यात आली. परवाना असलेल्याने किंवा पेटंट लागू नसलेल्या देशातील व्यक्तीने ती उघडावी, अशी ही व्यवस्था होती. मुक्तस्रोत लिनक्स वितरणांपैकी रेड हॅट व तिच्या पाठबळावर चालणारा फेडोरा प्रकल्प यांनी कायदेशीर जोखीम टाळण्यासाठी हा घटक बंदच ठेवला. जाणकार वापरकर्ते मात्र पॅकेजची बांधणी स्वतः पुन्हा करीत. एका ओळीवरील खुणा पुसण्यासाठी संपूर्ण पॅकेज नव्याने बांधण्याचा हा उद्योग त्या दशकातील लिनक्स वापरकर्त्यांच्या परिचयाचा होता.

येथे भारतीय कायद्याची बाजू विचारात घेणे आवश्यक आहे. पेटंट (सुधारणा) अधिनियम, २००२ अन्वये १९७० च्या मूळ कायद्यात कलम ३(के) समाविष्ट झाले. गणिती वा व्यवसायपद्धती, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंट देता येणार नाही, असे ते कलम सांगते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने या तरतुदीत आज्ञावलींना वाव देणारा बदल करण्याचा प्रयत्न झाला, परंतु २००५ च्या अधिनियमात तो टिकला नाही. म्हणजे संसदेने आज्ञावली-पेटंटांबाबत सावध भूमिका घेतलेली असताना, भारतातील वापरकर्त्याच्या पडद्यावर मात्र अमेरिकेतील पेटंटांमुळे झालेली निवडच उतरत होती. कायदा एका देशाचा आणि त्याचे पालन करणारा पडदा दुसऱ्या देशातील, अशी ही स्थिती होती. ती कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने आली नव्हती. संरचना-फाइलीतील एका बंद ओळीने ती आणली होती.

मे २०१० पर्यंत या पेटंटांची मुदत जगभर संपली. जुलै २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४.० या आवृत्तीत बाइटकोडचा घटक मूलतः चालू ठेवण्यात आला. सुमारे दशकभर बंद असलेले दार एका ओळीच्या बदलाने उघडले.

तथापि, याचा देवनागरीला झालेला लाभ अतिशयोक्तीने सांगता येणार नाही. बाइटकोड वाचणारा घटक चालू असला तरी फॉन्टमध्ये तशा सूचना असाव्या लागतात. त्या लिहिणे हे अत्यंत कष्टाचे, कौशल्याचे व म्हणून खर्चिक काम आहे. देवनागरीसारख्या शेकडो जोडाक्षरे असलेल्या लिपीत ते कित्येक पटींनी वाढते. मोठ्या कंपनीच्या फॉन्टला ते परवडते, स्वेच्छेने तयार होणाऱ्या मुक्त फॉन्टला सहसा परवडत नाही. त्यामुळे मुक्त देवनागरी फॉन्टचे भवितव्य दुसऱ्या मार्गावर, म्हणजे स्वयंहिंटिंगवर अधिक अवलंबून राहिले.

४. स्वयंहिंटिंग आणि देवनागरी (२००७–२०१४)

फ्रीटाइपचा स्वयंहिंटिंग घटक आरंभी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून रचला गेला. रोमन अक्षरे आधाररेषेवर उभी असतात. लहान अक्षरांची उंची, मोठ्या अक्षरांची उंची आणि खाली लोंबणाऱ्या भागांची खोली या ठरावीक पातळ्या असतात. घटक या पातळ्या शोधून त्या ठिपक्यांच्या जाळीवर बसवितो आणि तेथून वरचा भाग रचतो. देवनागरी मात्र शिरोरेषेपासून खाली लोंबते. तिची खरी आधाररेषा डोक्यावर आहे. रोमनचे नियम तिला लावले असता आधार चुकतो.

भारतीय लिप्यांसाठी वेगळा उपघटक फ्रीटाइपमध्ये आला तो २००७ चा. ‘एएफइंडिक’ या फाइलीच्या शीर्षस्थानी रेड हॅट कंपनीतील एका अभियंत्याच्या नावे २००७ चा स्वामित्वहक्क नोंदविलेला आहे. या उपघटकाने चिनी-जपानी-कोरियन लिप्यांसाठी असलेली रेषाजुळणीची पद्धत उसनी घेतली आणि पातळ्या शोधण्याचा भाग वगळला. रोमनच्या चुकीच्या पातळ्या लावण्यापेक्षा पातळ्यांविना रेषा जुळविणे बरे, असा तो व्यवहार्य तोडगा होता. एफटीऑप्शन फाइलीत त्यासाठी ‘एएफ_कॉन्फिग_ऑप्शन_इंडिक’ असा स्वतंत्र पर्याय आहे आणि तो मूलतः चालू असतो. जागतिक स्तरावरील एका पायाभूत लायब्ररीच्या संरचना-फाइलीत भारतीय लिप्यांसाठी स्वतंत्र ओळ असणे, ही नोंद घेण्याजोगी घटना आहे.

या उपघटकाचे स्वरूप मात्र तात्पुरत्या आधाराचे होते. पातळ्याच नसल्यामुळे निरनिराळ्या अक्षरांच्या शिरोरेषा एका ओळीत येतील याची हमी त्यात नव्हती. २०१४ मध्ये देवनागरीसाठी स्वयंहिंटिंगचा पूर्ण आधार आला. त्यात देवनागरीच्या स्वतःच्या पातळ्या निश्चित केल्या आहेत. वर जाणाऱ्या वेलांटी-मात्रांची पातळी, शिरोरेषेची पातळी, अक्षरदेहाच्या तळाची पातळी आणि उकार-ऋकारांची पातळी अशी ती मांडणी आहे. रेषांची प्रमाण जाडी ठरविण्यासाठी रोमनमध्ये ‘ओ’ या वर्तुळाकार अक्षराचा उपयोग होतो. देवनागरीसाठी ते काम ‘ठ’ या अक्षराकडे आले आणि पुढे ‘व’ व ‘ट’ यांची त्यात भर पडली. आणखी महत्त्वाची बाब अशी की, या लिपीची जुळणी वरून खाली करावी, अशी स्पष्ट खूण त्यात आहे. देवनागरी शिरोरेषेपासून लोंबते, हे बालवाडीतील मुलाला ठाऊक असलेले सत्य आज्ञावलीत नोंदविले जाण्यास प्रकल्पाच्या आरंभापासून अठरा वर्षे लागली.

त्यानंतर अन्य काही भारतीय लिप्याही टप्प्याटप्प्याने या पूर्ण आधाराखाली आल्या. २००७ चा उपघटक अद्याप आज्ञावलीत असून ओडिया, तिबेटी यांसारख्या उर्वरित लिप्यांसाठी पर्यायी आधार म्हणून तो काम करतो.

२०१३ च्या सुमारास स्वयंहिंटिंगला हार्फबझ या अक्षरजुळणी लायब्ररीशी जोडण्याचा पर्यायही फ्रीटाइपच्या संरचनेत आला. देवनागरीची अनेक जोडाक्षरे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकाने नसतात. ती फॉन्टच्या आत असतात आणि ती कोणत्या लिपीची आहेत, हे केवळ जुळणी-यंत्रणेला कळते. म्हणून हा पर्याय मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंतु हार्फबझ स्वतः फ्रीटाइपवर विसंबू शकते. त्यामुळे बांधणी करणाऱ्याला आधी हार्फबझविना फ्रीटाइप, नंतर हार्फबझ आणि शेवटी हार्फबझसह पुन्हा फ्रीटाइप, असा क्रम पाळावा लागे. ज्याने तिसरी पायरी गाळली त्याची लायब्ररी चालते. केवळ जोडाक्षरांवरील संस्कार कमी पडतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. भारतीय लिप्यांचे नुकसान बहुधा असे निःशब्दपणे होते, हे येथे अधोरेखित करावेसे वाटते.

५. पुण्याचे स्थान

भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात पुण्याचे स्थान जुने आहे. १९८३ मध्ये कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, पुण्यात पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे संकेतमानक स्वीकारले. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्यातील कंपनीच्या श्री-लिपीने मराठी मुद्रणव्यवसायाचा मोठा भाग व्यापला. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या एका पिढीने प्रश्नपत्रिका व शोधनिबंध श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्येच टंकित केले आहेत. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच त्याची निरर्थक चिन्हे होण्याचा अनुभवही त्या पिढीला नवा नाही.

या दोन्ही व्यवस्थांमध्ये अक्षररेखनाची किल्ली उत्पादकाच्या हाती होती. मुक्तस्रोत व्यवस्थेत ती सर्वांसाठी उघडी झाली. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांचा फॉन्टसंच मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला आणि २०११ मध्ये तो एसआयएलच्या मुक्त फॉन्ट परवान्याखाली आणला. या कंपनीचे पुण्यातील कार्यालय भारतीय भाषांच्या कामाचे एक केंद्र राहिले. मुंबईत र. कृ. जोशी यांनी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात व पुढे सी-डॅकमध्ये केलेले देवनागरी फॉन्टचे काम, त्यांतील मायक्रोसॉफ्टसोबत आलेला ‘मंगल’, ही याच कालखंडातील समांतर धारा होय.

६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी देवनागरी लिपी व वर्णमाला यांसंबंधीचा शासननिर्णय काढला. हिंदीपेक्षा वेगळी असलेली ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हा मराठी लिपीविचारातील जुना विषय आहे. फॉन्टमध्ये ओपनटाइपच्या भाषानिहाय पर्यायाने ही वळणे देता येतात. परंतु शासननिर्णय अक्षराचे वळण ठरवितो, ते वळण बारा ठिपक्यांत टिकेल की नाही हे संरचना-फाइल ठरविते. पहिला निर्णय मंत्रालयात होतो व राजपत्रित भाषेत प्रसिद्ध होतो, दुसरा इंग्रजी टिपांच्या एका फाइलीत होतो. दोन्हींचा परिणाम शेवटी एकाच वाचकावर होतो.

हिंजवडीच्या संदर्भात या मुद्द्याला आणखी एक परिमाण आहे. तेथील कंपन्यांचे बहुतेक काम परदेशी ग्राहकांसाठी चालते. ग्राहकाच्या गरजेनुसार मुक्तस्रोत लायब्ररी घेणे, तिची बांधणी लहान करणे, नको ते घटक वगळणे हे अंतःस्थापित प्रणालींच्या क्षेत्रातील नित्याचे काम असते. अशा वेळी उत्पादन ज्या बाजारपेठेसाठी असते तिच्याच लिप्यांचा विचार होणे स्वाभाविक असते. कौशल्य येथे आहे, मनुष्यबळ येथे आहे, तरी लिपीचा अग्रक्रम ग्राहकाच्या भाषेला मिळतो. यात कोणाचा दोष नाही, परंतु भाषिक समाजाने स्वतःची मागणी नोंदविली नाही तर बाजार ती आपणहून नोंदवीत नाही, हे यातून दिसते. उद्यानाच्या परिसरातील कित्येक फलकांवर ‘हिंजवडी’चे इंग्रजी लेखनावरून झालेले ‘हिंजेवाडी’ हे रूप आढळते, तेही याच उदासीनतेचे एक लक्षण मानता येईल.

६. वगळण्याचा विवेक

बांधणी-संरचनेचा विचार केवळ सौंदर्याचा नाही, याची साक्ष अलीकडील दोन घटना देतात. फॉन्टमध्ये पीएनजी चित्रे अंतर्भूत करण्याची सोय फ्रीटाइपमध्ये एका पर्यायाने चालू होते. तिच्यातील स्मृतीविषयक त्रुटीचा गैरफायदा घेतला जात असल्याचे ऑक्टोबर २०२० मध्ये उघडकीस आले. क्रोम न्याहाळकावर त्याचा परिणाम झाला आणि २.१०.४ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. मार्च २०२५ मध्ये परिवर्तनीय फॉन्ट वाचणाऱ्या भागातील तशीच एक त्रुटी जाहीर झाली. ती २.१३.० व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत होती. ज्या उपकरणाला रंगीत चित्रांचे वा परिवर्तनीय फॉन्ट लागतच नव्हते, त्याच्या बांधणीतून ते पर्याय वगळले असते तर हे धोके त्याला शिवले नसते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सुरक्षितता व आटोपशीरपणा यांच्या नावाखाली स्वयंहिंटिंगचा घटक किंवा भारतीय लिप्यांचा पर्याय वगळला जाऊ शकतो. पीएनजी वगळल्याने वाहनाच्या फलकावर काही बिघडत नाही. देवनागरीचा आधार वगळल्याने मात्र मराठी सूचना पुसट होते. काय अनावश्यक आहे, हे ठरविणाऱ्याला कोणाच्या डोळ्यांसाठी ठरवीत आहोत, याचे भान असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ठिपक्याच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या उपभागांचा उपयोग करून अक्षर सुस्पष्ट करण्याच्या तंत्राचा इतिहासही बाइटकोडसारखाच आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये क्लिअरटाइप या नावाने ते जाहीर केले. पेटंटांमुळे फ्रीटाइपने तो पर्याय मूलतः बंद ठेवला. २०१७ मधील २.८.१ आवृत्तीत ‘हार्मनी’ ही स्वतंत्र पद्धत आणून त्यावर मार्ग काढला गेला आणि २०१९ मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपली. तोपर्यंत भ्रमणध्वनींचे पडदे इतके सूक्ष्म झाले होते की, त्या तंत्राची निकड बरीच कमी झाली होती. हक्क मिळाला तेव्हा गरज ओसरली होती.

निष्कर्ष

१. मुक्तस्रोत लायब्ररीची संरचना-फाइल हे तांत्रिक साधन असण्याबरोबरच इतिहासाचेही साधन आहे. तिच्यातील बंद व चालू ओळींतून कायदा, बाजार व भाषा यांचे परस्परसंबंध वाचता येतात.

२. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेतील पेटंटांचा परिणाम मूलनिर्धारित निवडींच्या द्वारे भारतातील पडद्यांपर्यंत पोहोचला. भारतीय पेटंट कायद्याची भिन्न भूमिका व्यवहारात त्याला रोखू शकली नाही.

३. मुक्त देवनागरी फॉन्टच्या वाचनीयतेत २०१० च्या बदलापेक्षा २००७ व २०१४ मधील स्वयंहिंटिंगविषयक कामाचा वाटा अधिक मूलगामी आहे.

४. मुक्तस्रोत व्यवस्थेत बदल करण्याचा अधिकार सर्वांना असतो, परंतु तो वापरणारा कोणी तरी असावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी झालेला २००७ चा प्रयत्न हे त्याचे उदाहरण होय.

५. पुणे–हिंजवडी परिसरात आवश्यक ते कौशल्य उपलब्ध आहे. त्याला मराठीच्या गरजांशी जोडणारा संस्थात्मक दुवा क्षीण आहे.

समारोप

महाविद्यालयांच्या दृष्टीने या अभ्यासातून एक व्यवहार्य दिशा सूचित होते. संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्याला फ्रीटाइपची बांधणी करण्यास सांगावे. एकदा भारतीय लिप्यांचा पर्याय चालू ठेवून व एकदा बंद ठेवून ओडियासारखी लिपी तपासावी, हार्फबझसह व हार्फबझविना बांधलेल्या लायब्ररीतून मराठी जोडाक्षरे पडद्यावर आणावीत आणि मराठी विभागातील विद्यार्थ्याने ती शेजारी ठेवून वाचावीत. कोठे रफार हरवतो, कोठे अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, कोठे ‘ऱ्य’चे वळण बुजते, याची नोंद दोघांनी मिळून करावी. अशी नोंद प्रकल्पाकडे पाठविण्याचा मार्ग सर्वांसाठी खुला आहे आणि त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

खिळे ओतणाऱ्या कारागिरांनी देवनागरीसाठी यंत्र वाकविले, तेव्हा त्यांना लिपी माहीत होती आणि धातूही माहीत होता. आज धातूची जागा संरचना-फाइलीने घेतली आहे. ती वाचता येणारे हात हिंजवडीत आहेत, लिपी जाणणारे डोळे महाविद्यालयांत आहेत. या दोहोंची गाठ पडणे, हे यापुढील मराठी मुद्रणेतिहासाचे एक कार्य ठरावे.